जुन्या प्रोजेक्टरमधला पीबीएस काढून टाकला तर चालते का?

गच्चीवाला
नमस्कार मंडळी. नागपुरात प्रोजेक्टर उघडून आतलं समजणारं कोणी असेल तर जरा सांगा. त्रिमूर्तीनगरात आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर दिवाळीनंतर थंडी सुरू झाली की शनिवारी रात्री पिक्चर लावतो, पोट्टे सतरंजीवर, म्हातारे खुर्च्यांवर, मधे कोणीतरी तर्री पोहे करते, असा सगळा कार्यक्रम. प्रोजेक्टर जुना थ्री-एलसीडीवाला आहे, म्हणजे लाल हिरवा निळा तिन्ही रंगांना वेगवेगळं एलसीडी पॅनेल, एका ऑफिसनं विकायला काढला तेव्हा घेतलेला. मागच्या सीझनपासून उजेड कमी कमी होऊन राहिला होता म्हणून नवीन लॅम्प टाकला तरी काही फरक नाही, वरून पांढरा रंग पिवळट दिसून राहिला.

रिपेअरला दिला तर तो माणूस म्हणते "आतला पीबीएस जळला, हा पार्ट आता येत नाही, काढून टाकतो, रस्त्यातली एक काच कमी झाली म्हणजे उजेड उलट वाढेल". मला काही पटून नाही राहिलं म्हणून तसाच परत आणला.

तुकडा हातात घेऊन पाहिला. बारीक उभ्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून केलेली काच आहे. एका बाजूला पत्रा, त्याला उभ्या फटी. दुसऱ्या बाजूला एक सोडून एक पट्टीवर पातळ पारदर्शक फिल्म, आणि मधल्या पट्ट्यांवरची फिल्म तपकिरी होऊन तिला बुडबुडे आलेले. हे नेमकं काय असते?

बर्डीवाला
काढू नका भाऊ. अजिबात नका काढू.

मी सीताबर्डीत बेंचवर हेच काम करतो. काढून चालवला तर दोन गोष्टी होतील. एक म्हणजे पडद्यावर उजेड चांगलाच कमी होईल, तो वाढेल म्हणणाऱ्यानं कधी लावून पाहिला नाही. दुसरी गोष्ट जास्त महागात पडते. पॅनेलच्या आधी जे पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेत कंपणारा उजेड सोडणाऱ्या फिल्म, बसवलेले असतात, लाल हिरवा निळा तिन्हीचे वेगवेगळे, त्यांच्यावर आता नको असलेला अर्धा उजेड पण येईल आणि तो सगळा उजेड ते पोटात घेतील, म्हणजे गरम होतील. नागपूरच्या मे महिन्यात खोलीतच ४०-४२ असते, बहुतेक मॅन्युअलमधे वापरायचं तापमान ३५ नाहीतर ४० पर्यंतच लिहिलेलं असते, त्यात हे. आधी निळा जाईल, मग पडद्यावर पिवळे धब्बे येतील आणि मग तुम्ही परत आमच्याकडे.

पोट्टा_बजाजनगर
पण दादा लॉजिक तर बरोबर वाटते न, प्रत्येक काचेत थोडा उजेड खाल्ला जाते, एक काच काढली तर थोडा तरी वाढायला पाहिजे. मी इंजिनिअरिंगला आहे, पोलरायझेशन फर्स्ट इयरला होतं, परीक्षा झाली आणि विसरलो 😅 कोणी नीट सांगेल का?

प्रिझमकाका
सांगतो. आयुष्यभर कॉलेजात ऑप्टिक्स शिकवलं, रिटायर झाल्यावर कोणी विचारत नाही, त्यामुळे लांबेल, सहन करा.

लॅम्पमधून निघणारा उजेड अपोलराइज्ड असतो, म्हणजे लहरीच्या कंपनाला ठरलेली अशी दिशाच नाही, क्षणाक्षणाला बदलते. आता एलसीडी पॅनेल घ्या. लोकांना वाटते पॅनेल उजेड अडवते. तसं नाही. लिक्विड क्रिस्टल फक्त कंपनाची दिशा फिरवते, किती फिरवायची ते त्या त्या पिक्सेलवरचं व्होल्टेज ठरवते, आणि अडवायचं काम पुढचा पोलरायझर करतो. हा खेळ चालायचा असेल तर पॅनेलमधे शिरणारा उजेड आधीच एका दिशेत कंपणारा पाहिजे. सगळ्या दिशांचा उजेड आत सोडला तर पांढरं आणि काळं असा भेदच राहणार नाही.

तर सगळ्यात सोपा उपाय, पॅनेलच्या आधी एक पोलरायझर लावा. झालं काम. पण मालूसचा नियम आठव, पोट्ट्या. कॉस थीटाचा वर्ग. सगळ्या दिशांची सरासरी काढली की बरोबर अर्धा येते. म्हणजे आदर्श पोलरायझरसुद्धा लॅम्पचा अर्धा उजेड खाणार, आणि खरी प्लॅस्टिकची फिल्म जेमतेम ४२ ते ४५ टक्के सोडते. दोनशे वॅटचा लॅम्प लावायचा, पंखा, वीजबिल, लॅम्पचं आयुष्य सगळं पूर्ण दोनशेचं भरायचं आणि पहिल्याच पायरीला अर्ध्याहून जास्त उजेडाची उष्णता करून टाकायची. (मालूसनं १८०८ मधे पॅरिसमधे लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परावर्तित झालेला उन्हाचा उजेड कॅल्साइटच्या स्फटिकातून पाहिला आणि स्फटिक फिरवला तसा दोन प्रतिमांचा उजेड कमीजास्त झाला, तिथून हे सगळं सुरू झालं.)

गच्चीवाले, तुमच्या हातातला तुकडा हा अर्धा उजेड वाचवायला असतो. त्याला पोलरायझेशन कन्व्हर्जन सिस्टीम, पीसीएस म्हणतात, रिपेअरवाले सरसकट पीबीएस म्हणतात. काम असं. पत्र्याच्या फटीतून उजेड एका पट्टीत शिरतो. त्या पट्टीत ४५ अंशात तिरपा एक लेप आहे, पातळ थरांवर थर दिलेला, पोलरायझिंग बीम स्प्लिटर. मॅकनील नावाच्या माणसाचं याचं पेटंट १९४६ चं आहे. एकमेकांना काटकोनात कंपणाऱ्या दोन भागांना पी आणि एस म्हणतात. हा लेप पी पोलरायझेशन सरळ पुढं सोडतो आणि एस पोलरायझेशन काटकोनात बाजूच्या पट्टीत ढकलतो. बाजूच्या पट्टीत पण तसाच तिरपा लेप, तो एसला परत काटकोनात वळवून पुढं पाठवतो. म्हणजे एका फटीतून एक किरणपुंज शिरला आणि शेजारशेजारच्या पट्ट्यांतून दोन बाहेर पडले, दोघं समांतर, फक्त पोलरायझेशन एकमेकांना काटकोनात. आता त्यातल्या एकाच्या वाटेवर हाफ वेव्ह प्लेट लावायची, अक्ष ४५ अंशावर, की त्याची दिशा ९० अंशानं फिरते आणि दोन्ही एकसारखे होतात. तुम्ही पाहिलेली एक सोडून एक पट्टीवरची फिल्म ती हीच. तीच तपकिरी झाली.

म्हणजे नको असलेला अर्धा भाग फेकला नाही, वळवून घेतला.

पोट्टा_बजाजनगर
काका हे जर सरांनी असं सांगितलं असतं न 🙏 पण मग फटी कशाला? पूर्ण काचेवर उजेड पडू द्या न, पत्र्यानं अर्धी जागा तर झाकूनच टाकली. वाचवलं काय मग?

प्रिझमकाका
बरोबर जागी बोट ठेवलं. झाकलेल्या पट्टीत थेट उजेड शिरला तर भूमिका उलट होतात, पी तिथून सरळ जाऊन हाफ वेव्ह फिल्मखालून निघेल आणि चुकीच्या पोलरायझेशनचा होईल, तो पुढच्या पोलरायझरमधे जळणार. म्हणून झाकायचं.

पण झाकलेल्या जागेवर उजेड पडतच नाही अशी व्यवस्था आधीच केलेली असते. लॅम्पच्या समोर पहिली जी काच आहे, तिच्यावर छोट्या छोट्या चौकोनी भिंगांची जाळी असते, फ्लायआय म्हणतात. प्रत्येक भिंग लॅम्पच्या आर्कची, म्हणजे आतल्या उजेडाच्या ठिणगीची, एक बारीक प्रतिमा पुढं दुसऱ्या भिंगजाळीजवळ पाडते. म्हणजे उजेड पसरट न येता ओळीनं ठिपक्या ठिपक्यांनी येतो, आणि हे ठिपके बरोबर फटींवर पडावेत अशी मापं ठेवलेली असतात. दोन ठिपक्यांच्या मधली जी रिकामी जागा, तीच झाकलेली. फुकटची जागा वापरून घेतली असं समज.

गच्चीवाला
काका सविस्तर सांगितल्याबद्दल धन्यवाद, दोनदा वाचलं तेव्हा समजलं. म्हणजे पीसीएस चांगला असला तर उजेड डबल मिळते असं समजायचं का? आणि मग हे सगळ्या प्रोजेक्टरमधे का नसते?

प्रिझमकाका
डबल नाही. साधारण दीडपट, चांगली रचना असली तर त्याहून थोडं वर, पण पूर्ण दोनपट कागदावरच राहते. आणि ह्याचं कारण लेप खराब आहे, काच खराब आहे असं नाही, मुख्य कारण भूमितीचं आहे.

उजेडाच्या झोताला दोन मापं असतात, तो किती जागा व्यापतो आणि किती कोनात पसरतो. दोन्हींचा गुणाकार म्हणजे एटेंड्यू. गादीची घडी घातली तर लांबी अर्धी होते पण जाडी दुप्पट, गादी तेवढीच राहते. तसंच भिंगं आरसे काही लावा, झोत अरुंद केला की पसरतो जास्त, पसरणं कमी केलं की रुंद होतो, गुणाकार काही कमी होत नाही. आता पीसीएसनं काय केलं? एका झोताचे शेजारी शेजारी दोन केले, दोन्ही एकाच पोलरायझेशनचे. एकाच्या दोन गाद्या झाल्या. आणि कपाट, म्हणजे एलसीडी पॅनेल आणि पुढचं प्रोजेक्शन लेन्स, तेवढंच आहे. एका गादीपुरतं कपाट असेल तर दुसरी बाहेरच राहणार, कितीही हुशारीनं पोलरायझेशन फिरवा.

म्हणून पीसीएस चालायला उजेडाचा उगम मुळात बारीक पाहिजे. १९९५ च्या सुमारास फिलिप्सचे यूएचपी मर्क्युरी लॅम्प आले, त्यांचा आर्क एखाद मिलिमीटरचा, १ ते १.३ च्या आसपास. आर्क छोटा म्हणजे गादी पातळ, मग कपाटात दोन मावतात. जुन्या मोठ्या आर्कच्या मेटल हॅलाइड लॅम्पबरोबर तोच पीसीएस लावला तर फायदा बराच कमी. आणि पॅनेल जितकं लहान करत जावं तितकं कपाट लहान, परत तोच त्रास. कंपन्यांना पॅनेल लहान हवं कारण ते स्वस्त पडते, आणि उजेड पण हवा. ही ओढाताण कायमची आहे.

बर्डीवाला
काका म्हणते ते बेंचवर रोज दिसते. लोक डुप्लिकेट लॅम्प टाकतात, त्यातल्या काहींचा आर्क लांब असते किंवा रिफ्लेक्टरमधे जरा वाकडा बसलेला असते, वॅट तेवढेच, तरी पडद्यावर उजेड कमी. गिऱ्हाईक म्हणते लॅम्प तर नवीन टाकला. अरे पण ठिपके फटीवर नाही पडून राहिले न, पत्र्यावर पडून राहिले! तुमच्याकडे पत्रा एका बाजूनं काळवंडला असेल तर हेच झालं असेल. पहा जरा.

गच्चीवाला
पत्रा डाव्या बाजूनं काळपट आहे दादा. एकदम बरोबर. आता काय करू?

बर्डीवाला
आधी पीबीएस खरंच गेला का ते पहा, माणूस म्हणते म्हणून नका समजू. टेस्ट सोपी आहे. पोलरायझर फिल्मचा एक तुकडा लागेल, जुन्या फुटलेल्या मोबाईल स्क्रीनवरची किंवा लॅपटॉप स्क्रीनवरची सोलून घेतली तरी चालते. नाहीतर पोलराइज्ड गॉगल.

पीबीएसवरचा पत्रा राहू द्या, काढायचा नाही. मोबाईलचा टॉर्च दोन तीन फूट लांब ठेवा म्हणजे किरणं बऱ्यापैकी सरळ येतील, उजेड पत्र्याच्या बाजूनं शिरला पाहिजे. तुम्ही फिल्मवाल्या बाजूनं पहा. सगळ्या पट्ट्या उजळ दिसतील, शिरलेल्या पण आणि वळून आलेल्या पण. आता डोळ्यासमोर पोलरायझर धरून हळूहळू फिरवा. सगळ्या पट्ट्या एकाच वेळी काळ्या झाल्या तर पीबीएस चांगला. एक सोडून एक काळी आणि बाकीच्या लख्ख, मग अजून ९० अंश फिरवलं की उलट, असं झालं तर फिल्म गेली, म्हणजे वाटून तर देऊन राहिला पण फिरवून नाही राहिला. पट्टीचा काही भाग काळा काही भाग राखाडी, रंगीत, तर फिल्म अर्धवट गेली.

तोंड सरळ ठेवून पहा, तिरपं पाहिलं तर सगळंच गडबड दिसते.

मंजिरी_धंतोली
मधेच विचारते, चालेल ना? आमच्या शाळेसाठी प्रोजेक्टर घ्यायचाय, बजेट अगदी बेताचं. ऑनलाइन पाहिलं तर छोट्या एलईडी प्रोजेक्टरवर दहा दहा हजार लुमेन लिहिलेलं असतं आणि किंमत ब्रँडेडच्या पाव. एकीच्या घरी पाहिला, पडदे लावून खोली अंधारी केली तरच दिसत होतं. त्यात हा पीसीएस नसतो म्हणून का?

प्रिझमकाका
मंजिरीताई, ते बहुतेक एकाच एलसीडी पॅनेलचे असतात, चारेक इंचाचं पॅनेल, टीव्हीच्या स्क्रीनचीच लहान आवृत्ती. आता हिशेब करा. मागचा पोलरायझर साधी फिल्म, ४३ टक्के धरा. प्रत्येक पिक्सेलचे लाल हिरवा निळा असे तीन भाग, प्रत्येकावर रंगीत फिल्टर, म्हणजे पांढऱ्यातला जेमतेम एक तृतीयांश पुढं. दोन्हींचा गुणाकार साधारण १४ टक्के. अजून पॅनेलमधल्या तारा ट्रान्झिस्टरनी झाकलेली जागा, पुढचा पोलरायझर आणि लेन्सचा तोटा बाकी आहे. त्यामुळे एलईडीमधून निघालेल्या उजेडाचा आकडा डब्यावर छापला तर तो खोटा नसेलही, पण पडद्याशी त्याचा संबंध नाही.

थ्री-एलसीडीत फिल्टर लागत नाही, आरशांनी पांढऱ्याचे तीन रंग वेगळे केले जातात आणि तिन्ही रंगांचा उजेड वापरला जातो. त्यात पीसीएस. म्हणून तो कमी वॅटमधे जास्त उजेड देतो.

मोठ्या पॅनेलच्या एलईडी प्रोजेक्टरमधे दुसरी युक्ती करता येते, रिफ्लेक्टिव्ह पोलरायझर. टीव्हीच्या बॅकलाइटमधे थ्रीएमची डीबीईएफ म्हणून फिल्म असते ती ह्याच जातीची. साधा पोलरायझर नको असलेलं पोलरायझेशन पोटात घेतो, हा ते परत मागं परावर्तित करतो. मागं जाऊन ते एलईडीच्या पांढऱ्या पृष्ठभागावर आदळते, विखुरते, दिशा विस्कटते, आणि परत आलं की त्यातलं थोडं योग्य पोलरायझेशनचं निघते. असं फेऱ्या मारून. मधे क्वार्टर वेव्ह प्लेट टाकली तर आरशावरून परतताना दिशा बरोबर ९० अंशानं फिरते आणि काम आणखी चांगलं होते. ह्यात झोताच्या दोन गाद्या होत नाहीत, कारण उजेड त्याच जागेतून परत बाहेर येतो, पण प्रत्येक फेरीत एलईडी थोडा खाते.

बूथमॅन
शाळेसाठी घ्यायचा तर डीएलपीचा पण विचार करा. त्यात बारीक आरसे इकडून तिकडे हलतात, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या हॉर्नबेकनं १९८७ मधे काढलं ते तंत्र. आरशाला पोलरायझेशनशी काही देणंघेणं नाही, त्यामुळे हा अर्ध्याचा प्रश्नच येत नाही. तिथं तोटा रंगचक्रात होतो, एका वेळी एकच रंग. फुकट काही नाही.

मंजिरी_धंतोली
मग लुमेनचा आकडा पाहायचाच नाही का? काही तर धरून चालावं लागेल.

बर्डीवाला
ताई, नुसता लुमेन नाही, एएनएसआय लुमेन किंवा आयएसओ २११८ लिहिलेलं पहा, आणि जिथं घ्याल तिथं लावून मागा. घरी मोजायचं असेल तर पडद्यावर पूर्ण पांढरी स्क्रीन लावा, पडद्याचे तीन आडवे तीन उभे असे नऊ चौकोन मनात धरा, प्रत्येकाच्या मधे लक्समीटर प्रोजेक्टरकडे तोंड करून धरा, नऊ आकड्यांची सरासरी काढा आणि पडद्याच्या चौरस मीटरनं गुणा. समजा २ मीटर रुंद आणि सव्वा मीटरच्या आत उंच, १.१२५, म्हणजे २.२५ चौरस मीटर. सरासरी ४०० लक्स आली तर ९०० लुमेन. झालं. मोबाईलच्या अॅपनं आकडा खरा येत नाही पण दोन प्रोजेक्टरची तुलना करायला चालते.

प्रिझमकाका
आयएसओ २११८ नाही, २१११८. एक एक राहिला.

बर्डीवाला
हो काका, २१११८ 🙏

बूथमॅन
मी नागपुरातच सिनेमा थिएटरच्या प्रोजेक्शन बूथमधे काम केलं आहे, पोलरायझेशनचा सगळ्यात मोठा मार आम्ही थ्रीडीत खाल्ला त्याचं सांगतो. आमच्याकडे डीएलपी म्हणजे बाहेर येणारा उजेड अपोलराइज्ड. थ्रीडीचे प्लॅस्टिकचे चष्मे पोलरायझेशनचे. म्हणजे घरच्या एलसीडीत जे आत होते ते इथं लेन्सच्या बाहेर करायचं.

रिअलडी कंपनीची जी पहिली पद्धत, लेन्सच्या समोर झेडस्क्रीन नावाचं लिक्विड क्रिस्टलचं पॅनेल लावायचं. डाव्या डोळ्याची फ्रेम आली की एका बाजूचं वर्तुळाकार पोलरायझेशन, उजव्याची आली की उलट. प्रत्येक फ्रेम तीनदा दाखवायची, २४ गुणिले २ गुणिले ३ म्हणजे सेकंदाला १४४. पण त्या पॅनेलच्या आधी पोलरायझर आलाच, तो पहिल्या झटक्यात अर्धा उजेड खाणार. वरून प्रत्येक डोळ्याला निम्माच वेळ चित्र. वरून चष्म्याचा तोटा. लोक म्हणायचे थ्रीडीत अंधार काऊन आहे, तर अंधार याच्यामुळे.

मग त्यांचंच एक्सएल म्हणून आलं. त्यात लेन्समधून निघाल्यावर बीम स्प्लिटर, एक पोलरायझेशन सरळ पडद्यावर, दुसरं आरशावरून वळवून, दिशा फिरवून, त्याच पडद्यावर त्याच जागी. म्हणजे एकाच प्रोजेक्टरच्या दोन प्रतिमा पडद्यावर एकमेकींवर बरोबर बसवायच्या. उजेड जवळपास दुप्पट वाढला. पण अलाइनमेंट! दोन प्रतिमा पिक्सेलभर जरी सरकल्या तरी सबटायटलची अक्षरं दुहेरी दिसायची. शो सुरू व्हायच्या आधी टेस्ट पॅटर्न लावून कोपरे जुळवत बसायचं, आणि एसी सुरू झाल्यावर परत थोडं हलायचं.

आणि पडदा चंदेरी लागतो. साध्या पांढऱ्या पडद्यावर पोलरायझेशन विस्कटते, दोन्ही डोळ्यांना दोन्ही चित्रं.

पोट्टा_बजाजनगर
बूथमॅनभाऊ भारी. पण हे तर काकांच्या गाद्यांच्या हिशेबात बसून नाही राहिलं, इथं दुप्पट कसं मिळालं?

बूथमॅन
ते काकांना विचार बे.

प्रिझमकाका
बसते. तिथं चित्र आधीच तयार झालं, त्याच्या पुढं आता कपाटच नाही. पडदा एवढा मोठा आहे आणि दोन झोत वेगवेगळ्या वाटांनी येऊन त्यावर पडले तरी पडद्याला काय फरक पडते? दोन वाटांचा एटेंड्यू खरंच दुप्पट आहे, फक्त तो मावण्याची अट कुठं नाही. घरच्या प्रोजेक्टरमधे अडचण पॅनेल आणि लेन्सच्या तोंडाची आहे. त्यामुळे पोलरायझेशन कुठं फिरवता, चित्र बनायच्या आधी की नंतर, हा खरा मुद्दा आहे. आधी फिरवलं तर गादी मोठी होते, नंतर फिरवलं तर जुळवत बसावं लागते.

पोट्टा_बजाजनगर
लेझर प्रोजेक्टरमधे मग? लेझर तर मुळातच पोलराइज्ड असते न.

प्रिझमकाका
तीन वेगळ्या लेझरचे असतील तर हो, निघताना पोलराइज्ड असतात, वाटेत फायबरमधून किंवा इंटिग्रेटरमधून जाताना विस्कटू शकते. पण दुकानात लेझर म्हणून मिळतात त्यातले बरेच निळा लेझर आणि पिवळा फॉस्फर असे असतात. फॉस्फर निळा गिळून पिवळा सोडतो तो पूर्ण अपोलराइज्ड. म्हणून लेझरचे थ्री-एलसीडी घेतले तरी आत पीसीएस असतोच.

अजून एक. लेप दिलेल्या काचेऐवजी अॅल्युमिनियमच्या तारांचं पोलरायझर असते, काचेवर समांतर तारा, अंतर दीडशे नॅनोमीटरच्या आत बाहेर, उजेडाच्या लहरीपेक्षा बरंच कमी. तारांना समांतर असलेलं परावर्तित, काटकोनातलं पार. सगळं धातू आणि काच, उष्णतेनं करपत नाही. रेडिओ लहरींवर तारांचं हे हर्ट्झनं १८८८ मधे करून दाखवलं होतं, आणि आपल्या जगदीशचंद्र बोसांनी कलकत्त्यात मिलिमीटर लहरींवर पोलरायझर म्हणून ब्रॅडशॉचं रेल्वे टाइमटेबल वापरलं होतं, पानांमधे टिनफॉइल घालून. गाड्यांच्या वेळापत्रकाचा इतका चांगला उपयोग त्यानंतर कोणी केला नसेल.

पोट्टा_बजाजनगर
😂😂 काका! आमच्या कॉलेजच्या थ्री-एलसीडीसमोर मी गॉगल धरून पाहिला आत्ता. भिंतीवर नाही, सरळ लेन्ससमोर गॉगल धरला आणि फिरवला तर पडद्यावरचं पांढरं एका ठिकाणी हिरवं झालं आणि ९० अंश फिरवलं तर गुलाबी जांभळं! सर ओरडले पण मस्त दिसलं. हे काय आहे?

प्रिझमकाका
शाब्बास. तीन रंग शेवटी ज्या घनाकार काचेत एकत्र येतात, त्यात लाल आणि निळा लेपावरून परावर्तित होतात आणि हिरवा आरपार जातो. परावर्तनाला एस चांगलं, पार जायला पी चांगलं, म्हणून हिरव्याचं पोलरायझेशन मुद्दाम काटकोनात ठेवतात. लाल निळा एकीकडे, हिरवा एकीकडे. तुझ्या गॉगलनं एक बाजू अडवली की दुसरी दिसते. लाल अधिक निळा म्हणजे तुझा गुलाबी जांभळा. सगळ्याच मॉडेलमधे असं नसते, काहींत पुढं सारखं करून घेतात. रामननी १९२१ मधे बोटीवरून जाताना समुद्राच्या पाण्याकडे निकोल प्रिझम, म्हणजे स्फटिकाचा पोलरायझर, धरून असंच पाहिलं होतं, आकाशाचं पाण्यावरचं प्रतिबिंब त्यानं अडवलं तरी पाणी निळंच दिसलं. त्यांच्या नावाचं केंद्र गांधीसागरासमोर आहे, कधी जाऊन ये.

गच्चीवाला
मंडळी, टेस्ट केली. फुटक्या लॅपटॉपची फिल्म सोलली, टॉर्च खिडकीत ठेवला. कडेच्या पट्ट्या सगळ्या एकदम काळ्या झाल्या. मधल्या ज्या तपकिरी होत्या त्यातल्या एक सोडून एक काळ्या झाल्याच नाहीत, राखाडी पिवळ्या राहिल्या, आणि फिरवलं तर बुडबुड्यांच्या भोवती इंद्रधनुष्यासारखे रंग. म्हणजे बर्डीवाल्या दादांनी म्हटलं तसंच, फिल्म मधे गेली, काच शाबूत.

रंग का दिसले काका?

प्रिझमकाका
फिल्म ताणलेल्या प्लॅस्टिकची असते, ताणामुळेच ती हाफ वेव्ह होते. गरम होऊन ताण जागोजागी बदलला की प्रत्येक ठिकाणी वेगळ्या रंगासाठी वेगळी फिरवणूक. साधी पारदर्शक सेलोटेप दोन पोलरायझरमधे धरली तरी असेच रंग दिसतात. तुमचा पांढरा पिवळट होण्याचं कारणही यातच आहे, तपकिरी फिल्म निळा आधी खाते.

बर्डीवाला
मग पूर्ण पीबीएस बदला, नुसती फिल्म चिकटवायचा उद्योग नका करू, पट्टी अर्धा मिलिमीटर सरकली तरी वाया. त्याच मॉडेलचा डोनर प्रोजेक्टर पाहा, ज्याचं पॅनेल गेलं पण उजेडाचा भाग चांगला आहे. भंगारात खूप मिळतात. बसवताना पत्रा लॅम्पकडे, फिल्म पॅनेलकडे, उलटं बसवू नका, आणि लॅम्प पण ओरिजिनल आर्कचा टाका, नाहीतर हा पण वर्षभरात करपेल. आणि आतला हवेचा फिल्टर धुवून वाळवून घाला, गच्चीवरची धूळ तिथंच अडते.

गच्चीवाला
मिळाला! त्याच मॉडेलचा, पॅनेल गेलेला. काल बसवला. आधी आणि नंतर एकाच मोबाईलनं एकाच पडद्यावर नऊ ठिकाणी मोजलं, सरासरी १३५ वरून २१० वर आली. लॅम्प अजून तोच डुप्लिकेट आहे. पांढरा आता पांढरा दिसून राहिला.

पोट्टा_बजाजनगर
२१० भागिले १३५ म्हणजे १.५६. काका म्हणाले होते दीडपट!

प्रिझमकाका
नाही रे, ते दीडपट पीसीएस अजिबात नसण्याच्या तुलनेत होतं. ह्यांचा अर्धवट चालत होता, आणि वरून तपकिरी फिल्म उजेड पण खात होती. जुळला तो योगायोग समज.

मंजिरी_धंतोली
बर्डीवाले दादा, तुमच्याकडे शाळेसाठी जुना पण चांगला थ्री-एलसीडी असेल तर कळवा. पोलरायझर लावून पट्ट्या बघूनच घेईन 😄

बर्डीवाला
या ताई, बुधवारी दुकान बंद असते, बाकी कधीही. लक्समीटर माझ्याकडे आहे, गॉगल तुमचा आणा.